संगणकाच्या खोलीची किल्ली

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडी मागे टाकली, की काही वेळाने पडघा हे आमचे गाव लागते. आपल्यापैकी पुष्कळजण या गावावरून गेले असतील. उतरले मात्र थोडेच असतील. पूर्वी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती, आणि पावसाळा सरला की वीटभट्ट्यांचा धूर दिसे. आज पाहावे तिकडे गोदामे. पत्र्याची उंच छपरे, आणि पुढे ट्रकांच्या रांगा.

ही गोदामे इथेच का आली, याला कारण आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे. तेव्हा माल हद्दीबाहेर, भिवंडी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या जमिनीवर उतरवून ठेवावा आणि लागेल तसा शहरात न्यावा, अशी व्यापाऱ्यांची रीत पडली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि त्यासरशी मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढलीच. पुढे ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला तो ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्याच तालुक्यात, आमणे गावी येऊन टेकला.

या सगळ्याचा हायस्कुलातल्या संगणकाशी काय संबंध, असे आपण विचाराल. तोच संबंध आज सांगावयाचा आहे.

मी या भागातल्या एका शाळेत पुष्कळ वर्षे वाणिज्य विषय शिकवला. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद यांतच माझे आयुष्य गेले म्हणा ना. निवृत्त झाल्यावर एकदा एका ओळखीच्या व्यापाऱ्याबरोबर गोदामात जाण्याचा योग आला. आत पेट्यांचे डोंगर. त्यांतून खांद्यावर पेटी घेतलेला एक तरुण माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "सर, ओळखलंत का?"

मी ओळखले. वर्गात तोंडी हिशेबाला सर्वांत आधी हात वर करणारा मुलगा. ज्या रांगेत ते गोदाम होते, त्याच रांगेत कुठेतरी त्याच्या आजोबांचे शेत होते. जमीन गेली, पैसे आले, बहिणींची लग्ने झाली, घर झाले. आणि आता हा तिथेच पेट्या उतरवत होता. कष्टाच्या कामात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे मी जाणतो. पण त्याने सांगितलेली एक हकीकत काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

एके दिवशी सकाळी एका ट्रकमधून चाळीस पेट्या उतरल्या. प्रत्येक पेटीत चोवीस नग. म्हणजे एकूण नग नऊशे साठ. संगणकावर बसलेल्या माणसाने 'नग' या रकान्यात चाळीस लिहिले. दुपारी शंभर नगांची मागणी आली. संगणक म्हणाला, एवढा माल शिल्लक नाही. गिऱ्हाइकाला नकार गेला; आणि माल तर समोर फळीवर रचलेला! संध्याकाळी साहेब आले, आरडाओरडा झाला, तेव्हा कुठे चूक उमगली.

"मला दुपारीच कळलं होतं, सर," तो म्हणाला. "पेट्या मीच उतरवल्या होत्या ना. चाळीस चोक किती, ते काय मला येत नाही? पण मशिनीला हात लावायचं काम आपलं नाही."

हे त्याने हसत सांगितले. मला हसू आले नाही. कारण त्याचे ते वाक्य मला ओळखीचे वाटले. ते मीच त्याला शिकवले होते.

त्याची गोष्ट अशी. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत केव्हातरी आमच्या शाळेत संगणक आले. खोली रंगवून घेतली, खिडक्यांना जाळ्या लावल्या, नारळ फोडला. संगणकांवर प्लॅस्टिकची आवरणे चढली. चपला बाहेर काढून आत जायचे. वाणिज्य शिकवणारा म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे आली, आणि मी ती जानव्याच्या किल्लीसारखी जपली. आठवड्यातून दोन तास. एका यंत्रापुढे चार-चार मुले. त्यांतला एक धीट पोरगा माऊस धरून बसे आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून पाहत. तो हिशेबात हुशार असलेला मुलगा नेहमी पाहणाऱ्यांत असे. एकदा त्याने हात पुढे केला, तेव्हा मीच ओरडलो होतो, "अरे, हात नको लावूस, बिघडेल!"

त्या काळात भारनियमन होते, ही गोष्ट खरी. आणि यात एक मौज आहे. चंद्रपूरच्या वीज केंद्रापासून निघालेली सुमारे ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची वाहिनी १९९९ साली सुरू झाली, ती येऊन पोहोचते कुठे, तर आमच्या पडघ्याला! १५०० मेगावॉट वीज वाहून आणण्याची तिची ताकद. म्हणजे एवढी वीज गावाच्या वेशीपर्यंत येई, आणि शाळेचा संगणक मात्र विजेअभावी बंद. हे आम्ही एकमेकांना सांगून हसत असू. पण श्रोतेहो, आज खरे सांगतो. वीज असतानाही पुष्कळदा मी ती खोली उघडली नाही. बिघाड झाला तर दुरुस्तीला पैसे कोठून आणायचे, ही एक धास्ती. आणि मुलांना माझ्यापेक्षा अधिक येते हे उघडे पडेल, ही दुसरी. मग मी फळ्यावर संगणकाची आकृती काढीत असे. मुले वहीत माऊसचे चित्र काढून त्याला शेपटी जोडीत. परीक्षेत 'संगणकाचे भाग सांगा' असा प्रश्न येई. सगळे उत्तीर्ण होत.

हे केवळ आमच्याच शाळेत झाले असे नव्हे. भारतात शाळांमध्ये संगणक नेण्याचा पहिला मोठा प्रयोग १९८४-८५ साली झाला. 'क्लास' या नावाच्या त्या योजनेत आरंभी २५० शाळा निवडल्या आणि त्यांना इंग्लंडातले 'बीबीसी मायक्रो' जातीचे संगणक दिले. मुलांना यंत्राची ओळख व्हावी, असा हेतू होता. त्या वेळी तो योग्यच होता. कारण तोवर बहुतेकांनी संगणक पाहिलेलाही नव्हता. पण ओळख ही एकदाच करून द्यावयाची असते. पाहुण्याची ओळख करून दिल्यावर त्याच्याशी बोलायला बसायचे असते. आपण मात्र वर्षानुवर्षे ओळखच करून देत राहिलो.

सुताराच्या पोराकडून कोणी रंध्याची व्याख्या पाठ करून घेत नाही. त्याच्यापुढे फळी ठेवतात, रंधा हातात देतात आणि म्हणतात, चालव. पहिल्या दिवशी फळी बिघडते. बिघडायचीच. चार फळ्या बिघडल्यावाचून पाचवी नीट होत नाही, हे सुताराला ठाऊक असते. आम्हा मास्तरांना ते उशिरा कळले.

शाळेत धंद्याचे शिक्षण असावे, ही कल्पना काही आजची नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेतल्या मुलांना मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावे, हिशेब यावा आणि शेतीचे थोडे ज्ञान मिळावे, असे सांगितले होते. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ साली मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९८८ पासून अकरावी-बारावीला व्यवसाय अभ्यासक्रमांची केंद्र सरकारची योजना आली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना एखाद्या व्यवसायाची ओळख व्हावी, असे उद्दिष्ट लिहिले गेले. एवंच, सांगणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. 'असर' या संस्थेने २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. त्यांपैकी कोणत्याही व्यवसायाचे प्रशिक्षण घेत असलेली निघाली फक्त ५.६ टक्के.

त्याच पाहणीतले आणखी दोन आकडे मला फार बोलके वाटतात. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे उदाहरण करता आले फक्त ४३.३ टक्के मुलांना. म्हणजे यंत्र घरात आले, हिशेब मात्र घराबाहेर राहिला. माझ्या त्या विद्यार्थ्याचे नेमके उलटे झाले होते. त्याला हिशेब येत होता, यंत्र येत नव्हते. आणि ज्याला यंत्र येत होते, त्याने पेटी आणि नग यांतला फरक पाहिला नाही. धंद्याला ही दोन्ही माणसे अपुरी. या दोन अर्ध्यांचा एक पुरा माणूस करणे, हेच मी हायस्कुलातल्या वाणिज्य शिक्षणाचे काम समजतो.

आता कोणी म्हणेल, "हिशेब आता संगणकच करतो. जमा काय आणि नावे काय, हे शिकून कशाला डोके शिणवायचे?" याचे उत्तर एका उदाहरणाने देतो. समजा, एका किराणा दुकानदाराने १८,००० रुपयांचा वजनकाटा घेतला. दुकानातल्या मुलाने संगणकावर तो 'खरेदी' या खात्यात लिहिला. संगणकाने बिनतक्रार घेतला. तेरीज जुळली, दोन्ही बाजूंची बेरीज सारखी. मुलगा खूश. पण काटा हा काही विकायला आणलेला माल नव्हे, ती दुकानाची मालमत्ता. तो मालाच्या खरेदीत धरल्यामुळे त्या वर्षीचा नफा आहे त्याहून कितीतरी कमी दिसला, आणि ताळेबंदात काटा कुठेच दिसेना. पुढे दुकानदार कर्ज मागायला बँकेत गेला, की बँक हाच कमी दिसणारा नफा पाहणार. आमच्या जुन्या पुस्तकांत याला तत्त्वाची चूक म्हणतात. बेरजेची चूक यंत्राला कळते. तत्त्वाची चूक माणसाला कळावी लागते.

आणि हे हिशेब आता केवळ दुकानापुरते राहिलेले नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून, ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यावयाचा, तर आधी संगणकावर ई-वे बिल काढावे लागते. गाडीचा क्रमांक चुकला, मालाची किंमत चुकली, तर ट्रक वाटेत अडकतो. आमच्या पडघ्याच्या रस्त्याने दिवसरात्र जे ट्रक जातात, त्यांच्या मागे कुठेतरी टेबलाशी बसून कोणीतरी हे काम करीत असते. ते कोणीतरी आमच्या गावचे का असू नये?

तर करावे काय? मोठमोठ्या योजना मला सुचत नाहीत. चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. संगणकाच्या तासाला पुस्तक मिटून ठेवावे आणि गावातले खरे कागद वर्गात आणावेत. गोदामातली माल उतरवल्याची पावती, किराणा दुकानाचे बिल, भाताच्या विक्रीचा काटापट्टीचा कागद. नववीच्या मुलांनी ते आधी हाताने वहीत मांडावेत आणि मग संगणकाच्या तक्त्यात भरावेत. वहीतली बेरीज आणि यंत्राची बेरीज जुळली नाही, तर चूक कुणाची, हे मुलांनीच शोधावे. माझ्या मते त्या शोधण्यातच खरे शिक्षण आहे.

दुसरी गोष्ट. मुलांनी गावाचे काम करावे. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला उपयोगी पडतील अशी कामे करता करता मुले शिकतील, हा त्यांचा विचार. तेच वाणिज्यातही करता येईल. बचत गटाच्या बायकांचे हिशेब वहीत असतात. अकरावीच्या मुलींनी महिन्यातून एकदा ते संगणकावर उतरवून, छापून द्यावेत. बायकांना आपल्या पैशाचा चोख कागद मिळेल, आणि मुलींना कळेल की या आकड्यांच्या मागे कुणाच्या तरी कोंबड्या आहेत, कुणाचे शिवणयंत्र आहे. चुकीचा आकडा लिहिला, तर काकू घरी येऊन विचारतील. परीक्षकापेक्षा ही धास्ती अधिक चांगली.

तिसरी गोष्ट पैशाची. महागड्या वस्तूंवाचून अडते, असे नाही. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात हिशेबासाठी 'जीएनयू-खाता' ही प्रणाली घेतली आहे. ती फुकट मिळते. ती घडवण्यात पुढाकार होता कृष्णकांत माने यांचा; आणि ते स्वतः अंध होते. ज्यांना पडदा दिसत नव्हता, त्यांनी दुसऱ्यांसाठी हिशेबाचे पान तयार केले. आम्ही डोळे असून खोलीला कुलूप लावून बसलो!

चौथी गोष्ट भाषेची. आमची मुले मोबाईलवर मराठी लिहितात ती पुष्कळदा रोमन अक्षरांत. पण ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे, सहकारी संस्थेत काम करायचे तर देवनागरी कळफलकावर हात बसलेला हवा. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा मराठीतही देता येते. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. शाळेतच रोज वीस मिनिटे सराव झाला, तर मुलाला त्यासाठी भिवंडीला किंवा कल्याणला जाऊन शिकवणी लावावी लागणार नाही. विशेषतः मुलींची सोय होईल. संध्याकाळच्या शिकवणीला परगावी पाठवायला घरचे तयार होत नाहीत आणि पोरगी मागे राहते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

एक शंका मात्र राहते, आणि ती रास्त आहे. आता यंत्रे इतकी पुढे गेली आहेत, की बिलाचे छायाचित्र काढले तर ती स्वतःच वाचून नोंद करतात. मग हे शिकलेले उद्या कामाला येईल काय? मी एवढेच म्हणेन. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, तेव्हाही लोकांना अशीच भीती वाटली होती. पुढे बँकांतली जाडजूड खातेपुस्तके गेली, हे खरे. त्यांत सुंदर अक्षर काढणाऱ्या कारकुनाची ऐटही गेली. पण 'ही नोंद बरोबर आहे काय?' हा प्रश्न काही गेला नाही. उद्या यंत्र बिल वाचील. चाळीस लिहिलेले चाळीस म्हणूनच वाचील. त्या चाळीस पेट्या की चाळीस नग, हे विचारणारा मनुष्य तेव्हाही लागणारच. आणि तो प्रश्न विचारण्याचा अधिकार, ज्याने पेट्या उतरवल्या त्यालाही असला पाहिजे.

माझा तो विद्यार्थी आजही गोदामात आहे. त्या दिवशी मी त्याला म्हणालो, "अरे, पुढच्या खेपेला चूक दिसली तर सांग त्या माणसाला." तो म्हणाला, "सांगीन की, सर. पण त्याने मला विचारलं, 'तुला काय कळतं यातलं?' तर काय सांगू?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते मी त्याला तो चौदा वर्षांचा असताना द्यावयास हवे होते.

श्रोतेहो, २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक होते. उरलेल्यांना ते मिळायला हवेत, याबद्दल वाद नाही. पण जिथे आहेत, तिथल्या माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना, आपल्यातलाच एक म्हातारा मास्तर या नात्याने, एक विनंती करतो. उद्या शाळेत गेलात म्हणजे त्या खोलीची किल्ली कोणाच्या खिशात आहे, ते पाहा. तुमच्याच खिशात असेल, तर मधल्या सुट्टीत ती एखाद्या मागच्या बाकावरच्या पोराच्या हातात द्या आणि म्हणा, "जा, उघड. आणि हे बघ, बिघडलं तर मी आहे."